पडद्याआडची उपकारस्तुती

चर्चच्या मधोमध पडदा लावायचा, हे एकदाचं ठरलं आणि सगळ्यांना हायसं वाटलं. तीर्थपुरीजवळच्या त्या वस्तीतली लूथरन मंडळी लहानशीच, पण भांडण ऐसपैस होतं. पाळकसाहेब वारल्यावर नवा पाळक काही मिळेना, म्हणून त्यांच्या मागे त्यांच्या पत्नी द्वारकाबाईच दर रविवारी उपासना चालवत होत्या. आता बाईंनाच पाळकपदाची दीक्षा द्यावी, असं मंडळीतल्या तरुण भुजंगचं म्हणणं. बाईमाणसानं उपदेशच करू नये, असं ज्येष्ठ पंच कडूबांचं म्हणणं. दोघांच्या अर्जांना कंटाळून वरिष्ठांनी निरोप धाडला, की दोन्ही मतांची सोय होईल अशी रचना तुमची तुम्हीच करा.

रचना झाली. बाई मान्य असणाऱ्यांनी डावीकडे बसायचं, अमान्य असणाऱ्यांनी उजवीकडे. डावीकडे द्वारकाबाईंचा उपदेश, उजवीकडे कडूबांचा. आणि दुसरा नंबर घ्यायला कोणीच राजी नसल्यामुळे दोन्ही एकाच वेळी. भुजंग जुन्या जालन्यात सुरजमल शेठजींच्या दुकानी मांजरपाट आणायला गेला.

"इत्ता कपडा? शादी हाये का घरात?" शेठजींनी विचारलं.

"न्हाई शेठजी, काडीमोड हाये," भुजंग म्हणाला.

कडूबांना घाई होती ती वेगळ्याच कारणानं. त्यांची बायको उषाबाई त्या उन्हाळ्यात मरता मरता वाचली होती. दवाखान्याच्या ओट्यावर बसून कडूबांनी देवाला शब्द दिला होता, की ही घरी आली तर नवं पीक देवाला वाहायच्या, पीकसणाच्या रविवारी आम्ही दोघं जोडीनं वेदीसमोर उभं राहून तुझे उपकार मानू. उषाबाई घरी आल्या. आता बाजरी खळ्यावर आली होती, सण तोंडावर होता, आणि त्याआधी चर्चमधलं भांडण मिटावं एवढंच कडूबांना हवं होतं.

पहिल्या रविवारी माणसं आत आली आणि नेहमीसारखी बसली. म्हणजे बाया डावीकडे, पुरुष उजवीकडे. आजोबांपासून ती तशीच बसत आली होती. पाय आपोआप तिकडे वळले. त्यामुळे बाईंच्या दीक्षेसाठी घसा कोरडा करणारा भुजंग कडूबांसमोर मांडी घालून बसला, आणि बाईच्या उपदेशानं मंडळी बुडणार असं वस्तीभर सांगणाऱ्या सोनूबाई द्वारकाबाईंच्या पुढ्यात, पहिल्या रांगेत.

"सोनूबाई, तुमी तर पलीकडच्या ना?" द्वारकाबाईंनी विचारलं.

"मंग काय गड्यामाणसांत जाऊन बसू? लाज हाये मला! तुमी बोला. मी ऐकत न्हाई, नुस्ती बसून राह्यले."

पुन्हा बैठक झाली. या वेळी आडवा पडदा ठरला. मान्यवाले पुढे वेदीकडे, अमान्यवाले मागे दाराकडे. आता पहिला उभा पडदा काढून टाकायला हरकत नव्हती, पण तो ठराव करून लावलेला होता, त्याला हात कोण लावणार? चर्चचे चार खण झाले. मागचे दोन खण दाराशी उभ्या असलेल्या कडूबांकडे तोंड आणि वेदीकडे पाठ करून बसू लागले. गाण्याच्या चाली येणाऱ्या बाया सगळ्या पुढे होत्या, उषाबाईसुद्धा, त्यामुळे मागे गाणं सुरू व्हायचं पण संपायचं नाही.

पीकसणाच्या आदल्या दिवशी मात्र कडूबांच्या ध्यानात आलं, की वेदी मान्यवाल्यांच्या वाट्याला गेली आहे. तिथं जाऊन उभं राहायचं म्हणजे बाई मान्य केल्यासारखंच.

"उषे, उद्या तू मागं ये," ते बायकोला म्हणाले. "आपुन दाराशीच उपकार मानू."

"दाराशी? देवाला तर वेदीसमोर म्हन्लं व्हतं तुमी."

"देव काय, सगळीकडंच हाये."

"मंग पडदे कशाला लावले?"

कडूबांनी फेटा झटकला, त्याची घडी केली आणि पुन्हा झटकला.

"मी वेदीपाशीच उभी ऱ्हाईन," उषाबाई म्हणाल्या. "तुमचं तुमी बघा."

रविवारी कणसं आली, भोपळे आले, एक कोंबडीही आली. कडूबांचा उपदेश निम्म्यावर असताना पडद्यापलीकडून उषाबाईंचा आवाज आला, अजून अशक्तच: "बाई, जरा थांबा. आमचे हे येऊन राह्यलेत."

कडूबांनी उपदेश मधेच सोडला. चारचौघांदेखत पडदा उचलून जाणं जिवावर आलं, म्हणून दोन पडदे जिथं एकमेकांना छेदत होते तिथून ते वाकून, गुपचूप घुसले. फेटा दोरीच्या गाठीत अडकला. त्यांनी हिसका दिला. खिळे निखळले आणि सगळा मांजरपाट मंडळीच्या डोक्यावर आला. कोंबडी सुटली, बाया ओरडल्या, आणि कापडाखालून जो तो मिळेल त्या दिशेनं बाहेर पडला. सोनूबाई गड्यामाणसांत निघाल्या.

कडूबा बोडक्या डोक्यानं उषाबाईंच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "हे प्रभू," ते म्हणाले. पुढं शब्दच फुटेना. तास तास बोलणारा माणूस, पण तो अख्खा उन्हाळा डोळ्यांसमोर आला. शेजारी ही उभी होती, जिवंत होती, त्यांचाच हात धरून होती. यासाठी उपकार मानायचे तरी कुठल्या शब्दांत?

"बाई," ते कसेबसे म्हणाले, "तुमीच म्हना."

द्वारकाबाईंनी डोळे मिटले. "प्रभू, उषाबाईला तू परत दिलंस. यांचं घर पुन्हा भरलं. आमी लई आभारी हाओत."

सगळ्यात मोठं 'आमेन' कडूबांचं होतं.

बाहेर आल्यावर भुजंगनं हसत विचारलं, "मंग कडूबादादा, बाई मान्य म्हनायच्या ना?"

"बिलकुल न्हाई! माझं मत हाये तेच हाये." कडूबांनी फेटा डोक्याला गुंडाळला. "पन त्या मतापायी मला हिच्या बाजूला उभं ऱ्हायला जागा उरली न्हवती. ते पडदे पुन्हा लावायचे न्हाईत."

तेव्हापासून कडूबा गाण्याला आणि प्रार्थनेला सर्वांबरोबर आत बसू लागले. बाईंचा उपदेश सुरू झाला, की मत राखायला उठून बाहेर कडुलिंबाखाली जात. पुढं एका रविवारी द्वारकाबाईंचा घसा बसला होता. उपदेश ऐन रंगात आला असताना बाहेरून हाक आली:

"बाई, जरा जोरात बोला! हिकडं काईच ऐकू येऊन न्हाई राह्यलं!"