टिपरूचं क्रियापद

कार्टूनमधल्या पात्रांना वाहिनीच्या कचेरीत तक्रार द्यायची असली तर सोमवारी अकरा ते एक हीच वेळ असते. टिपरू त्या सोमवारी साडेअकराला पडद्यातून उतरलं आणि शेपटी आखूड काढल्याची तक्रार घेऊन आलेल्या एका माकडामागे रांगेत उभं राहिलं.

तक्रार होती हेमांगी रसाळबद्दल. ती टिपरूच्या मालिकेचे मराठी संवाद लिहायची. मालिकेत टिपरू एका छोट्या गावात सायकलवरून टपाल वाटायचं. चित्रकारांनी त्याला मुलगाही केलं नव्हतं, मुलगीही नाही. हेमांगीनं मात्र पहिल्या भागापासून 'टिपरू आला' लिहिलं होतं. सवयीनं.

"ताई, 'आला' माझं नाही," टिपरूनं सांगितलं. "'आली' पण नाही."

"मग काय लिहू?"

"'आलं' चालेल. मूल आलं म्हणतातच की. त्यात कोणाला कमीपणा वाटत नाही."

हेमांगी ओशाळली. इतक्या वर्षांत हे विचारायचं तिला सुचलंच नव्हतं. तिनं प्रस्ताव वर पाठवला.

वाहिनीची मूल्यसमिती बसली. अध्यक्ष डोंगरेसाहेब म्हणाले, मुलांच्या मनावर परिणाम होईल. ज्याच्याभोवती समिती बसली होती ते टेबल नपुंसकलिंगी होतं. त्यावरचं पाणी, बिस्कीट आणि खुद्द बैठकीचं परिपत्रकही. त्यांचा मुलांच्या मनावर काय परिणाम होतो याची नोंद कचेरीत नव्हती.

"यंत्रमानव करून टाका," सदस्या चिंचोरेबाईंनी सुचवलं. "यंत्राला सगळं माफ असतं. नाहीतर परग्रहावरचं दाखवा."

"मला गावातच राहायचंय," टिपरूनं म्हटलं. "टपाल तिथलं आहे."

हे इतिवृत्तात आलं नाही. अंतिम निर्णय होईपर्यंत टिपरूला लिंग दाखवणारं क्रियापद देऊ नये, असं ठरलं.

हेमांगीनं खटपट केली. टिपरूनं भाकरी खाल्ली, टिपरूनं पत्रं लावली, टिपरूला हसू आलं, इथवर जमलं. पण मराठीत लिंगाशिवाय कुणी येऊ-जाऊ शकत नाही. टिपरूला यायचं असे. येता येत नसे. पुढचे नऊ भाग ते टपालकचेरीच्या दारात सायकलच्या पायडलवर पाय ठेवून थांबलं. गावातले खरवतेतात्या लेकीच्या पत्राची वाट बघत ओट्यावर बसून राहिले. त्यातल्या नवव्या भागात ते उठले, "आता नाही येत पत्र," म्हणाले आणि आत जाऊन त्यांनी कडी लावली. हे वाक्य हेमांगीनंच लिहिलं होतं. ध्वनिमुद्रण संपल्यावर ती थेट डोंगरेसाहेबांकडे गेली.

"साहेब, प्रश्न एका अनुस्वाराचा आहे."

"बाई, एका अनुस्वारावरून मोर्चे निघालेत आपल्याकडे. धीर धरा. समिती सकारात्मक आहे."

समिती किती काळ सकारात्मक राहू शकते हे हेमांगीला ठाऊक होतं. पुढच्याच भागात तिनं लिहिलं: टिपरू आलं.

सायकल हलली. तात्यांनी कडी काढली, पत्र दोनदा वाचलं आणि टिपरूला ताक दिलं. त्या संध्याकाळी मुलांच्या मनावर झालेला परिणाम वाहिनीनं तातडीनं मोजून घेतला. सात मुलांनी सायकल मागितली होती, एकानं ताक.

तरी खुलासा मागवला गेलाच. ही टंकलेखकाची चूक आहे का, एवढंच समितीला हवं होतं. हो म्हटलं असतं तर प्रकरण तिथंच मिटलं असतं. हेमांगीनं लिहिलं, "चूक आधीच्या भागांत होती." मालिका बंद झाली आणि तिची बदली हवामानाच्या बातम्यांकडे झाली. टिपरूनंही बदलीचा अर्ज दिला. तो लगेच मंजूर झाला, कारण तिथं एक खुर्ची रिकामी होती.

पहिल्याच दुपारी हेमांगीनं लिहिलं: 'किनाऱ्याजवळ वादळ आलं.' डोंगरेसाहेबांनी कागद नीट वाचला आणि मुकाट्यानं सही केली.

टिपरूनं नकाशावर टाचणी लावली. "खरंच येतंय, साहेब. खिडक्या लावून घ्या."

साहेब स्वतः उठले.