मथुबाईंच्या शेगडीचा कौल

श्री अन्नपूर्णा समर्थ. शके एकोणीसशे शेचाळीस, क्रोधी नाम संवत्सरे, कार्तिक मासी एका राज्यात शेगडीवरून जे रण माजले, ते जैसे कानी आले तैसे लिहिले असे. त्या राज्यी भूगर्भीचा वायू, ज्यास रयत गॅस म्हणे, नळावाटे घरोघर येत असे, आणि प्रधानजींच्या मनी आले की गॅस हळूहळू बंद करावा व विजेच्या शेगड्या लावाव्या, मग रयत खवळली, आणि हुजुरातून हुकूम सुटला की, 'गॅस मागेल त्यास सरकारने ना म्हणू नये, ऐसा कायदा करावा की न करावा, हे रयतेनेच मते देऊन ठरवावे.' त्या नगरी मथुबाई खानावळवाल्या म्हणून मोठ्या खमक्या बाई होत्या. त्यांच्या वांग्याच्या भरितावर सरदारांचाही जीव, आणि वांगे तर ज्योतीवरच भाजावे, विजेच्या शेगडीवरचे वांगे बाईंच्या लेखी आजाऱ्याचे जेवण, मग बाई गॅसपक्षाच्या सेनापतीच जाहल्या, आणि पेठोपेठी हिंडून त्यांनी प्रधानांच्या कारकुनांस भर चौकात गप्प केले, आणि गॅसपक्षाचे सरदार हैबतराव निशाण धरून त्यांच्या मागे चालत. परंतु बाईंचे चित्त ठिकाणी नव्हते. सून वेणू दम्याने बेजार, ज्योत पेटली की तिला खोकल्याची उबळ येई, मग ती पदर तोंडाशी धरून मोरीत जाऊन खोके, सासूबाईंस ऐकू जाऊ नये म्हणून. बाईंस ऐकू जात होतेच. वैद्यांनीही साफ सांगितले होते की ही हवा पोरीस सोसणार नाही. मग बाई सभेस निघत आणि उंबऱ्यातून परतत, खिडकी उघडत आणि पुन्हा लावत, आणि उगाच वेणूवरच डाफरत.

मतांचा दिवस उगवला. बाईंनी गॅसलाच मत दिले, आणि गॅसपक्षाचा जय जाहला, आणि हैबतराव वाजतगाजत खानावळीत येऊन बोलले, "मथुबाई, राज्य राखलंत. आता सगळ्या फौजेला भरीत होऊन जाऊ द्या." बाईंनी वांगे उचलले, ज्योत पेटविली, आणि मोरीतून उबळ ऐकू आली. बाईंनी ज्योत मालविली, नळाची चावी फिरविली आणि म्हणाल्या, "हैबतराव, विजेची शेगडी कुठं मिळते?"

हैबतराव गांगरले. "अहो, मग एवढं भांडलात कशाला?"

"माझी शेगडी दुसऱ्यानं विझवायची नाही, म्हणून भांडले. आता माझी मी विझवतेय. प्रधानाला विचारू का?"

वेणू दारात येऊन हळूच म्हणाली, "सासूबाई, गिऱ्हाईक तुटेल हो."

"तुटू दे. तू आधी पाणी पी."

येणेप्रमाणे राज्यात गॅस राहिला. खानावळीत भरीत बंद जाहले, पिठल्यावर भागते, आणि गिऱ्हाईक खरोखरच निम्मे तुटले. हैबतराव आता दुसरीकडे जेवतात. वेणू दुपारची शांत निजते, आणि इतकी शांत निजते की बाई हातचे काम टाकून पुन्हा पुन्हा उठतात आणि तिचा श्वास चालू आहे ना, हे वाकून पाहतात.