वाढत्या अंगाची जमात

शिंपीकाकांनी तीस वर्षं शाळेचे गणवेश शिवले होते आणि आता एका टीव्ही मालिकेसाठी बारा परग्रहवासी शिवून दिले होते. पैशांचं त्यांना विशेष नव्हतं. पण शेवटी पडद्यावर त्यांचं नाव झळकणार होतं आणि ते त्यांनी गल्लीभर सांगून ठेवलं होतं.

शूटिंगच्या सकाळी नटांनी कपडे चढवले आणि दिग्दर्शकाने कपाळावर हात मारला. ज्वालामुखीतून जन्मलेली क्रूर जमात समोर उभी होती, पण एकाचाही हात दिसत नव्हता. बाह्या गुडघ्यापर्यंत लोंबत होत्या. सेनापती तर विजारीत पाय अडकून पहिल्याच पावलाला आडवा झाला.

“काका, मापं घेतली होती ना?”

“घेतली की! वाढत्या अंगाचं शिवलंय. दोन वर्षं बघायला नको.”

“अहो, सेनापती बेचाळीस वर्षांचा आहे! आता काय वाढणार तो?”

काकांनी जीभ चावली. हातांनी डोक्याला न विचारताच कापड जास्त सोडलं होतं.

“दुमडतो ना मी!” ते म्हणाले. पण कापड रबरी. दुमडलं की टुणकन उलगडायचं.

“दुसरा शिंपी बोलवा,” दिग्दर्शक म्हणाला. काकांचा चेहरा एवढासा झाला. गल्लीला आता तोंड कसं दाखवायचं?

उरलेली बटणं लावायला आलेल्या काकूंना ते बघवेना.

“एवढं काय त्यात? या जमातीला जन्मल्यावर एकदाच कपडे मिळतात, म्हणा. आयुष्यभर वाढतात बिचारे. बाह्या लोंबतायत तोवर पोरच.”

“आणि लढाई?” दिग्दर्शकाने विचारलं.

“कपडे अंगाला बसेपर्यंत लढायचं नाही, असं आईने बजावलंय.”

सगळ्यात आधी सेनापतीच हसला, मग दिग्दर्शक. लेखकाने मात्र ज्वालामुखीची बारा पानं जड हाताने फाडली.

पहिला भाग बघायला काकांच्या घरात गल्ली लोटली. पोरं हसून हसून लोळली. दोघं तर धावत जाऊन बापाचे शर्ट चढवून आली. काका मात्र श्वास रोखून शेवटाची वाट बघत होते.

अखेर नाव आलं. चांगलं ठळक अक्षरात आलं, पण पडद्यात मावलं नाही. अर्धं आडनाव कडेच्या बाहेर गेलं होतं.

काकू हसू दाबत खिडकीबाहेर बघू लागल्या.

“बघितलंत?” काका कळवळून म्हणाले. “वाढत्या अंगाचा टीव्ही घ्यायला हवा होता!”