सातही मुलं लाल रेघेवर

पाळणाघरातली सातही मुलं तिसऱ्या महिन्यात लाल रेघेच्या वर गेली, तेव्हा बाईंनी आधी चष्मा पुसला आणि मग भिंतीवरचा वजनाचा तक्ता. रेघ काही खाली सरकली नाही. मुलं लठ्ठ होऊ नयेत म्हणून बाईंनी तीन महिने जिवाचं रान केलं होतं, आणि मुलं मात्र फुगत चालली होती.

तसं पाहिलं तर बाई नियमांच्या पक्क्या. बालआरोग्य विभागाच्या मॅडम येऊन शिकवून गेल्या, त्या दिवसापासून बाटलीतला गोड रस बंद झाला. रडणाऱ्याच्या तोंडात बिस्कीट कोंबणं बंद झालं. सकाळी तासभर मुलांना अंगणात मोकळं सोडायचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, ताटलीतलं संपवायचा आग्रह करायचा नाही. मुलाने तोंड फिरवलं की चमचा खाली.

वजन दर महिन्याला करायचं होतं. पण दीड-दोन वर्षांची ही मंडळी काट्यावर उभी राहतील तर शपथ. एक बसायचा, एक लोळायचा, एकीने तर काट्यालाच मिठी मारली. त्यावरही मॅडमनी उपाय सांगून ठेवला होता. मदतनीस मावशींनी मूल कडेवर घेऊन काट्यावर उभं राहायचं आणि आलेल्या आकड्यातून मावशींचं वजन वजा करायचं. पहिल्या दिवशी मावशी भरल्या एकोणसाठ किलो. बाईंनी तो आकडा वहीच्या पहिल्या पानावर ठळक लिहिला आणि चौकट काढली. एकदा चौकट काढलेल्या गोष्टीवर बाई पुन्हा विचार करत नसत.

आता ताटलीत उरलेल्याचं काय करायचं, हे मॅडमनी सांगितलं नव्हतं. मावशींना अन्न टाकवत नसे. चार घास मऊ भात, अर्धं कुस्करलेलं केळं, दोन फोडी रताळं, वाटीच्या तळाचं दही. सात ताटल्यांमधलं जमवलं की एक बेताचं जेवण होई, आणि तेही त्यांचं स्वतःचं जेवण झाल्यावर.

लाल रेघ ओलांडली म्हटल्यावर बाईंनी कंबर कसली. दर चार घासांनी मुलाला विचारायचं, पोट भरलं का? मुलांना मान डोलवायचा भारी उत्साह, त्यामुळे ताटल्या लवकर उचलल्या जाऊ लागल्या. पुन्हा मागेल त्याला पुन्हा मिळायचं, पण उरायचंही जास्त. मावशींचं काम वाढलं, आणि त्यांनी ते मनापासून केलं.

एका दुपारी मुलं झोपली असताना मावशींना शंका आली. त्या हळूच एकट्या काट्यावर चढल्या. बासष्ट. खाली उतरून त्यांनी चपला काढल्या, किल्ल्यांचा जुडगा बाजूला ठेवला आणि पुन्हा चढल्या. बासष्टच. मावशींनी काटा पडद्यामागे सरकवला आणि तोंडाला कुलूप लावलं. घरी सुनेला त्या उठता-बसता खाण्यावरून बोलत आणि बाईंचं सुनेशी फोनवर फार जमत असे.

इकडे पालकांत गडबड उडाली. सगळ्यात वजनदार गडी होता भोपळ्या. त्याच्या आईने सांगितलं की त्याची गेल्या वर्षीची चड्डी अजून ढिली होते. बाई म्हणाल्या, तो आतून वाढत असेल. यावर भोपळ्याच्या आजोबांनी नातवाला दुसरीकडे घालायचं ठरवलं आणि ते सांगायला नेमके मॅडमच्या तपासणीच्याच दिवशी आले.

मॅडमसमोर चौथ्यांदा वजनं झाली. मावशी एकेकाला घेऊन चढल्या, बाईंनी एकोणसाठ वजा केले, आणि मॅडमचा चेहरा उतरत गेला. नियम पाळले जात नसतील तर परवानगी पुढे चालू ठेवता येणार नाही, असं त्यांनी स्पष्ट सांगितलं. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. वीस वर्षांचं पाळणाघर होतं ते. आजोबांनी भोपळ्याची पिशवी भरायला घेतली. त्याने आजोबांचा हात झटकला आणि जाऊन मावशींच्या पायाला विळखा घातला.

मॅडमनी पेन उघडलं.

"लिहू नका, मॅडम," मावशी म्हणाल्या. "पोरं वाढली नाहीत."

"मग हे पाच किलो आले कुठून?"

"मी वाढले."

मावशी कोणाकडे न बघता एकट्या काट्यावर चढल्या. चौसष्ट. बाईंनी पहिल्या पानावरच्या चौकटीकडे पाहिलं, मग मावशींकडे, आणि सगळी वजाबाकी नव्याने केली. सातही मुलं रेघेखाली आली, अगदी हवी तिथे. आजोबांनी भोपळ्याचा टॉवेल मुकाट्याने पिशवीतून बाहेर काढला. मावशींनी ताटल्यांत उरलेल्या अन्नाची हकिकत सांगून टाकली आणि सुनेला कळू देऊ नका, एवढीच विनवणी केली. बाईंनी डोळे पुसत कबूल केलं.

मॅडमनी मात्र हसायचंही नाव काढलं नाही. त्या मटकन मुलांच्या बुटक्या खुर्चीवर बसल्या. भागातल्या एकोणीस पाळणाघरांना वजनाची हीच रीत त्यांनी शिकवली होती. सगळीकडची मुलं फुगली होती, आणि या गंभीर संकटावरचा चाळीस पानी अहवाल त्यांनी परवाच वर पाठवला होता.

"मावशी," त्यांनी खोल आवाजात विचारलं, "बाकीच्या ठिकाणी उरलेलं कोण खात असेल?"

मावशींनी भोपळ्याला कडेवर घेतलं आणि जाणकारासारखा थोडा विचार केला.

"काटा घेऊन जाल तेव्हा आधी कळवू नका," त्या म्हणाल्या. "आणि दुपारी जेवणं झाल्यावरच जा."