डोमाजीच्या छपरावरची म्हातारी

डोमाजी कोणाच्याही छपरावर चढण्यापूर्वी त्या घरातली सगळी माणसे बाहेर काढत असे. सगळी म्हणजे सगळी. कोणी तापाने फणफणलेला असो, बाळंतीण असो, की ताटावर बसलेला जावई असो, डोमाजी शिडी भिंतीला लावायचा, दारात उभा राहायचा आणि आत हाक द्यायचा, "निंगा बाप्पा, बाहीर निंगा. पायाखाली मानूस नोको."

माणसे संपली की देव. देव्हाऱ्यातले टाक पाटावर ठेवून अंगणात यायचे. त्यामागून भिंतीवरच्या तसबिरी. सरपंचांच्या घरचे पूर्वज एकदा असेच निंबाखाली ओळीने टेकवून ठेवले होते. रस्त्याने जाणाऱ्या एका पाहुण्याला वाटले, घरात काही वाईट घडले असावे. तो टोपी काढून खाली बसला. त्याला बसलेले पाहून आणखी चौघे येऊन बसले. सरपंच शेतातून परतले तेव्हा त्यांच्याच अंगणात त्यांच्याच घराचे सांत्वन सुरू होते, आणि वर डोमाजी शांतपणे कवेलू, म्हणजे छपराची कौले, फेरत होता.

जनावरांच्या बाबतीत नियम थोडा सैल होता. गाय बाहेर काढावी लागे, म्हैस आत राहिली तरी चाले. असे का, हे मी त्याला विचारले. "म्हशीले काई वाटत नाई, गुर्जी," तो म्हणाला. मी म्हशीकडे पाहिले आणि मला ते मान्य करावे लागले.

डोमाजी व्यवसायाने शेतकरी होता. परंतु आमच्या आंजीत त्याच्याइतका हलक्या पावलाचा दुसरा माणूस नव्हता. वानरांच्या टोळ्या वर्षभर छपरांवर नाचून कवेलू फोडत, सरकवत. मृगाच्या आधी ती सगळी काढून, फुटकी वेगळी करून, पुन्हा नीट बसवावी लागत. त्या दिवसांत डोमाजीला घरोघर बोलावणे असे. तो येई, घर रिकामे करी, आणि माणसे उन्हात उभी राहून त्याला मनातल्या मनात शिव्या देत. शाळेचे छप्पर फेरताना त्याने वर्ध्याहून आलेल्या तपासणीस साहेबांनाही हातातल्या चहाच्या कपासकट बाहेर आणले होते. खुर्ची आत राहू द्यायला त्याची हरकत नव्हती.

हे सर्व सांगितले, कारण डोमाजीविषयी आज गावात जी कथा सांगितली जाते ती खोटी आहे. तिचा कर्ता दुकानदार लक्ष्मीचंद. तो आता नाही, पण त्याच्या दुकानाच्या ओट्यावर बसून ती ऐकलेली माणसे आहेत, आणि त्यांची मुलेही आता ती डोळ्यांनी पाहिल्यासारखी सांगतात. कथा अशी, की डोमाजीने वानरे हाकलण्यासाठी आपल्या म्हाताऱ्या आईला दिवसभर छपरावर बांधून ठेवले. माझे वय झाले आहे हे खरे. पण माझी स्मरणशक्ती अजून कोणाच्या ओट्यावर उघड्यावर पडलेली नाही. म्हातारी छपरावर होती. बांधलेली नव्हती. आणि वानरांचा प्रश्नच नव्हता. मी त्या दिवशी तिथे होतो, बाहेरच्या शिडीवरून कवेलू चढवून देत होतो. लक्ष्मीचंद आपल्या दुकानात होता.

लक्ष्मीचंदला राग का होता, तेही सांगतो. सत्तरचे दशक सरत आले होते. ज्यांना झेपत होते त्यांनी कवेलू उतरवून स्लॅब टाकायला सुरुवात केली होती, आणि आंजीतला पहिला स्लॅब लक्ष्मीचंदचा. जेवण झाले की तो सगळ्या गावाला दिसेल अशा बेताने वर फेऱ्या मारी. एकदा डोमाजीने रस्त्यात थांबून, चार लोकांच्या देखत, त्याला हाक मारली. "शेटजी, खाली तुमची माय बसली हाय, अन् तुमी तिच्या डोक्यावर फिरून राह्यले." लोक हसले. त्या दिवसापासून लक्ष्मीचंदच्या फेऱ्या बंद झाल्या आणि कथा सुरू झाल्या.

आता घराची गोष्ट. डोमाजी मोठ्या भावाकडे, शामरावाकडे, राहत असे. लग्न त्याने केले नव्हते. त्याबद्दल विचारले तर तो म्हणे, "पह्यले छप्पर." गावाच्या कडेला वाट्याची थोडी जागा होती. तिथे त्याने स्वतः माती तुडवली, स्वतः विटा पाडल्या, स्वतः भट्टी लावली. भिंती उभ्या केल्या, आढे चढवले, वासे आणि रिपा ठोकल्या. छपरासाठी गावरान कवेलू न घेता वर्ध्याहून चपटी, खाचेची इंग्रजी कवेलू बैलबंडीत कुटाराच्या मऊ भुशावर निजवून आणली. रस्त्याच्या प्रत्येक खड्ड्याशी तो खाली उतरून बैलांच्या पुढे चालत आला. ही कवेलू वळचणीकडून लावायला घेतात आणि ओळीमागून ओळ चढवत आढ्यापर्यंत नेतात. शेवटी आढ्यावर गोल पाठीची कवेलू चुन्यात बसवली की घर मिटते. डोमाजीने दोन्ही उतार जवळजवळ वरपर्यंत आणले होते. आढ्यालगतच्या काही ओळी आणि आढे तेवढे उघडे होते.

तेवढ्यात शामरावाच्या घरी भांडण झाले. कशावरून झाले ते मी लिहिणार नाही, कारण ते मला माहीत नाही. ज्यांना माहीत नाही तेच ते अधिक खुलवून सांगतात. शामराव आपल्या आईला "निंग माह्या घरातून" असे म्हणाला, हे मात्र चार घरांनी ऐकले. डोमाजी शेतातून आला, त्याने आईचे गाठोडे उचलले, आईला धरले आणि तिला आपल्या अर्ध्या घरात आणून बसवले. म्हातारीने आत पाय टाकला आणि जाहीर केले, की आता या घरातून ती चौघांच्या खांद्यावरच निघेल. त्याआधी नाही.

आणि डोमाजीचे काम थांबले.

वर चढायचे तर खाली माणूस नको. खाली तर प्रत्यक्ष जन्मदात्री. परसात जाऊन बस म्हणावे, तर तेही तिला मंजूर नव्हते. मोठ्याकडे तिला दिवसदिवस परसातच बसवून ठेवत असत. आता ती तिथे गरजेपुरती जाई आणि पावलोपावली टेकत परत येई. डोमाजीने एक युक्ती केली. म्हातारी आंघोळीला गेली की तो धावत शिडी चढे, एखाददुसरे कवेलू बसवी आणि तिची चाहूल लागली की खाली उडी मारी. काही दिवस हे चालले. मग म्हातारीच्या ध्यानात आले, की आपल्या आंघोळीवर कोणाचे तरी लक्ष आहे. तिने आंघोळच आखूड केली.

मृग तोंडावर आला. आभाळ रोज दुपारी काळे होऊन परत जाई. आढ्याच्या उघड्या फटीखाली म्हातारीची बाज होती. एका सरीत बाज, चूल आणि मातीत रचलेल्या भिंती सगळेच जाणार होते. गावात लोक म्हणू लागले, की हा आईला पावसात सडवणार. मी त्याला म्हणालो, तुझा नियम तुझ्या पायांपुरता ठेव, मी गवंडी बोलावतो. त्यावर तो भडकला. गवंड्याचे पाय काय लाकडाचे आहेत, असे त्याने मला विचारले. मग मी आईला समजावू लागलो. तिने माझे सगळे ऐकून घेतले आणि मला चहा हवा का, एवढेच विचारले. दोघांच्या मध्ये मी बसलो होतो. वर आभाळ दिसत होते.

शेवटी म्हातारीच बोलली.

"डोमा, मी तुह्या पायाखाली नोको ना?"

"नाई, माय."

"अन् मले घर सोडाचं नाई. मंग मले वरतं घे. छप्पर का घराच्या बाहीर हाय?"

मी आयुष्यभर मुलांना भूमिती शिकवली. इतकी निर्दोष सिद्धता मी फार कमी वेळा ऐकली आहे. डोमाजीने आईकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि मचाण बांधायला घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याने म्हातारीला शेल्याने पाठीशी घट्ट बांधले. लक्ष्मीचंदच्या कथेतले "बांधणे" एवढेच आहे, आणि ते आढ्यापर्यंत पोचायला लागला तेवढाच वेळ होते. तो आतल्या मचाणावरून, आढ्याच्या फटीतून वर निघाला. मी मचाणावर बाजूला उभा राहून तिच्या पायांना आधार देत होतो आणि ती मला सांगत होती, "गुर्जी, हात कापवू नोका." वर आढ्याला धरून एक रुंद फळी पक्की केली होती. तिच्यावर गोधडी होती. म्हातारी तिथे बसली, पदर सावरला आणि तिने गाव पाहिले. जन्म आंजीत गेला, पण आंजी वरून तिने कधी पाहिली नव्हती. कोणाचा गोठा खचला, कोणाच्या परसात काय वाळत आहे, याचे वर्तमान ती आम्हांला देऊ लागली. डोमाजीने मलाही घराबाहेर शिडीवर काढले होते आणि तो ओळी चढवत होता. एखादे कवेलू खाचेत नीट बसले नाही, तर ती काठीने तिथे ठोकून दाखवी आणि तो निमूटपणे ते उचलून पुन्हा बसवी. निंबावर वानरे येऊन बसली होती हे खरे. ती तिच्याकडे पाहत होती, ती त्यांच्याकडे. यापलीकडे काही घडले नाही.

तोवर खाली गर्दी जमली होती. तपासणीस साहेबांपासून जावयांपर्यंत ज्यांना ज्यांना डोमाजीने उन्हात उभे केले होते, त्यांतले गावात होते तेवढे सगळे आले होते. ते आपणहून उन्हात उभे होते.

शामरावही आला. त्याने आधी डोमाजीला दोन शब्द सुनावले. डोमाजीने मान वर केली नाही. हातात चुना होता. मग शामराव आईला म्हणाला, "माय, खाली उतर. लोकं हासून राह्यले."

म्हातारीने काठी मांडीवर आडवी घेतली. आवाज चढवला नाही. वरून बोललेले असेही सगळ्यांना ऐकू येते.

"तुह्या म्हनन्यावर एक डाव पायरी उतरली, बापा. आता नाई उतरत."

कोणी हसले नाही. शामराव वळून गेला. डोमाजीने पुढचे कवेलू मागितले, आणि ते मी त्याला जरा उशिरा दिले.

सूर्य कलला तेव्हा आढ्यावरची शेवटची कवेलू चुन्यात बसली. घर मिटले. आणि तेव्हा आमच्या सर्वांच्या ध्यानात आले, की ज्या फटीतून म्हातारी वर आली ती आता राहिलीच नव्हती. डोमाजीने तिला पुन्हा पाठीशी घेतले आणि बाहेरच्या शिडीने उतरवून अंगणात उभे केले. गर्दीतून कोणीतरी म्हणाले, की अखेर निघालीच की म्हातारी बाहेर. हे वाक्यही आज कथेत आहे, म्हणून त्याचे खंडन करतो. बाहेर निघणे म्हणजे उंबरठा आतून ओलांडणे. म्हातारीने तो बाहेरून ओलांडला. तिने दाराची चौकट धरली, एकदा वर छपराकडे पाहिले आणि उजवा पाय आत टाकला. याला जगात सर्वत्र प्रवेश म्हणतात. ज्याला शंका असेल त्याने माझ्याकडे यावे.

लोक पांगले. डोमाजी अंगणात हातपाय धूत होता. दिवसभराच्या श्रमाने मी वैतागलो होतो. मी त्याला म्हणालो, की एवढा खटाटोप कशासाठी केलास? आख्ख्या गावाला "निंगा" म्हणून बाहेर काढतोस, सरपंचाला सोडत नाहीस. आईला एकदा ठामपणे म्हणाला असतास, तर ती काय निघाली नसती?

त्याने चुना लागलेली बोटे एकेक करून धुतली.

"निंगली असती, गुर्जी. तिले तो शबूद आयकू आला का ते निंगतेच. एका पोराकडून आयकला ना तिनं. दुसऱ्याकडून काऊन आयकावा?"

मी चपला पायांत सरकवू लागलो. आत चूल पेटल्याचा आवाज आला आणि नव्या कवेलूंच्या सांध्यांतून धूर हळूहळू बाहेर येऊ लागला. मग आतून म्हातारीचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा, घरच्या मालकिणीचा.

"डोमा, गुर्जीले बाहीर काऊन उभं ठेवलं? आत बोलव त्यायले."

डोमाजी ओले हात पुसत दाराशी आला आणि बाजूला झाला. मी चपला काढल्या आणि आत गेलो.