क्रोधी संवत्सरीच्या कडब्याची मोहीम

ओझे वाहणारा नंदी, वाट देणारी धरित्री आणि भाडे ठरविताना बुद्धी देणारा गजानन, या तिघांस वंदन करोन लिहिले जाते ऐसे जे: शके एकोणीसशे सेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, वैशाख मास. संवत्सराचे नाव मेघराजाने फारच मनावर घेतले आणि राज्याच्या पूर्वभागी वैरणीची काडी उरली नाही. मग महाराजांनी माळावर छावणी घातली. फौजेची नव्हे, गुरांची. आणि पश्चिमभागी कडबा उदंड, तो ट्रकाने आणावा की आगगाडीने, याचा खर्च काढावयाची आज्ञा अंदाजनवीस तिमाजीपंत यांस जाहली.

पंत हुशार, आणि हुशारीचा लौकिक त्याहून थोर. जन्म गव्हा-ज्वारीच्या वाहतुकीचे आकडे मांडण्यात गेलेला. त्यांनी कडब्याचे वजन काढिले, वजनास पुरतील इतके डबे धरिले आणि भर दरबारी सांगितले की, आगगाडीचा खर्च ट्रकांच्या निम्मा. सर्वांनी माना डोलाविल्या. मग तोरणे बांधिली, इंजिनास हार घातला, तुताऱ्या वाजल्या, आणि कडबा भरू लागले तो डबे छताला लागले आणि फलाटावरचा ढीग जैसा होता तैसाच. धान्य वजनास भारी, कडबा नुसता जागा खाणारा, ही गोष्ट पंतांच्या ध्यानी ते समयी आली. गाडी निघून गेली, निम्म्याहून अधिक कडबा मागे राहिला, दुसरी गाडी महिनाभर मिळावयाची नव्हती, आणि छावणीतली वैरण आठवडाभरही पुरावयाची नव्हती.

मग दिवाणसाहेबांनी पंतांस एकांती बोलाविले आणि बोलिले, "पंत, कडबा अवघा पोहोचला ऐसे लिहावे. उरला तो वावटळीने नेला. वैशाखात वावटळी होतातच. तुमचाही लौकिक राहील, आमचाही." पंतांनी लेखणी उचलिली. परंतु छावणी पाहावयास गेले असता एका कपिला गाईने त्यांच्या सदऱ्याची बाही चघळली होती, ती आठवली, आणि पंतांस आपली लाज वाटली. लेखणी खाली ठेवून ते तैसेच महाराजांपुढे गेले आणि बोलिले, "महाराज, चूक वाऱ्याची नाही, माझी आहे. वजन धरिले, जागा धरिली नाही. आता ट्रक द्यावे."

महाराज रुष्ट जाहले. बोलिले, "एका कडब्याचे भाडे दोनदा देणे नाही. आगगाडीच्या उत्सवास काढिलेल्या द्रव्यात जे उरले असेल, तेवढ्यात भागवा. आणि उदईक तुमची अंदाजनविशी दुसऱ्यास." पंतांनी मुजरा केला आणि तडक ट्रकांच्या अड्ड्यावर गेले. तेथे ट्रकवाल्यांचे नाईक धुळोजी बाजेवर चहा पीत बसले होते.

"या पंत! झाली व्हय आमची आठवण?" नाईक बोलिले आणि पंतांनी पुढे ठेविलेले द्रव्य मोजले. "तुमी एवढंसं भाडं देणार. जाताना गाडी भरल्याली, येताना मोकळी. मोकळ्या गाडीला डिझेल लागत न्हाई का?"

"मोकळे यावेच का?" पंत म्हणाले. "छावणीत शेणखताचे डोंगर साचले आहेत आणि इकडचे द्राक्षबागवाले खतासाठी टाचा घासतात. येताना खत भरा, इथे विका. जाण्याचे तेवढे निम्मे भाडे घ्या."

नाईक इतके हसले की चहा बशीतून सांडला. "डोक्यात शेण भरलंय म्हंत्यात, त्ये असं कामाला येतंय व्हय! भरा रं गाड्या!"

आणि तुताऱ्या न वाजता ट्रक निघाले, घाट उतरले, आणि वैरण सरण्याआधी छावणीस पोहोचले. पहिल्या ट्रकात तिमाजीपंत स्वतः होते. ते पेंढ्या उतरवू लागले. तेव्हा आपल्या दोन म्हशी घेऊन उभ्या असलेल्या गोजराबाई पुसत्या जाहल्या, "तुमी सरकारी मानूस का वो?"

"होतो," पंत बोलिले, आणि पुढची पेंढी उचलून त्यांच्या म्हशींपुढे टाकिली.

सारांश, गुरे जगली, बागा पोसल्या, मोहीम फत्ते केली म्हणोन दिवाणसाहेबांस मानाची वस्त्रे मिळाली, आणि तिमाजीपंतांची जागा गेली. त्या दुष्काळात राज्याने गमाविले ते एवढेच.