हसवू नका, टाके आहेत

हर्नियाचं ऑपरेशन करून सोपानरावांना घरी सोडताना डॉक्टरांनी एकच गोष्ट बजावली होती. "टाके भरतील. पण खाटेवर पडून राहू नका. पायातलं रक्त साकळून गाठ होते. ती गाठ सुटून फुप्फुसात गेली, तर जिवावर बेतेल. रोज चालायचं."

चालायला सोपानरावांची ना नव्हती. अडचण होती भेटायला येणाऱ्यांची. घोडेगावात कुणी दवाखान्यातून आला की आळी केळी घेऊन येते, आणि आलेल्यांना पेशंट आडवाच दिसावा लागतो. पहिल्याच दिवशी ते अंगणात चार पावलं टाकत होते, तर शेजारची गोजरबाई दारातच थबकली.

"अगं बया! मला म्हनले लई शिरियस हायेत. हे तर हिंडत्यात!"

तिने हातातल्या केळ्यांकडे असं काही पाहिलं, की सोपानराव शरमून खाटेवर जाऊन पडले. वर थोडे कण्हलेसुद्धा.

ग्रामवाचनालयात तीस वर्षं पुस्तकं देण्याचं काम करताना त्यांनी कधी कुणाचा हिरमोड केला नव्हता. मुदत संपलेलं पुस्तकही त्यांच्याने परत मागवत नसे. जगातल्या प्रत्येक गोष्टीविषयी ते साशंक असत. आपल्या नोकरीचा कुणाला काही उपयोग झाला नाही, एवढ्याबद्दल मात्र त्यांची खात्री होती.

ते उठले की कुणीतरी येई, आणि कुणी आलं की ते पडत. चौथ्या दिवशी त्यांनी हळूच बायकोला सांगितलं, "द्रौपदा, पोटरी जड वाटतेय गं."

द्रौपदाबाईंनी दोन्ही पोटऱ्या दाबून, चाचपून पाहिल्या. "सारख्याच हायेत. भ्यानं जड झाल्यात. पर आज चालला न्हाई, तर खरंच व्हईल. केळ्यांपायी जीव देताय का?"

त्या तडक ओट्यावर गेल्या. भेटायला आलेले दहाबारा जण तिथे बसले होते. "ज्याला भेटायचंय त्यानं ह्यांच्यासंगं नदीपातुर चालायचं. अन् कुणी बोलायचं न्हाई. ह्ये हसले तर टाके तुटतील."

मंडळी निघाली. खाली माना, हळू पावलं, तोंडातून शब्द नाही. बाजारातून जाताना दुकानदार उठून उभे राहिले. दोघाचौघांनी शटर अर्धं ओढलं आणि तेही मागून चालू लागले. एवढी माणसं आपल्या पाठीमागे, या कल्पनेनेच सोपानराव कानकोंडे झाले. दम लागल्याचं निमित्त करून ते बाजूला उभे राहिले. "तुम्ही व्हा पुढं," ते ज्याला त्याला म्हणू लागले. नदी दिसेपर्यंत ते सगळ्यांच्या शेवटी आले होते.

शिनोलीच्या एसटीतून रखमाजी उतरला. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पण ऑपरेशनचं कानावर आलेलं; नदीकडे मुकाट चाललेल्या माणसांतल्या गेणभाऊला त्याने विचारलं, "सोपानरावांचं का?"

"हां," गेणभाऊ कुजबुजला. "ऑपरेशन झालं व्हतं ना."

रखमाजीने टोपी काढली आणि तो अगदी शेवटच्या माणसाशेजारी चालू लागला.

"लई भला मानूस," तो त्या माणसाला म्हणाला. "वाचनालयाचं एक पुस्तक बारा वर्सं माझ्यापाशी हाय. कदी मागितलं न्हाई."

सोपानरावांना पुस्तक आठवलं. दर वर्षी मोजणीत ते त्याच्यापुढे 'गहाळ' लिहीत.

"वाचलंत का?" त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

"तर! दर पावसाळ्यात. आता डोळं गेलं, तर सुनंला वाचाया लावतो. दिलं न्हाई ते मुद्दाम. म्हनलं, मागाया येतील, मंग बसवून चार गोष्टी बोलू. त्ये आलंच न्हाईत, राव." रखमाजीने टोपीनेच डोळे पुसले. "आता कुनाकडं जमा करू?"

तीस वर्षांत जे जमलं नव्हतं ते सोपानरावांच्या तोंडून निघालं.

"माझ्याकडं करा."

"तुमी कोन?"

"मीच. सोपान."

रखमाजी जागीच थांबला. त्याने त्यांचा दंड चाचपला, खांदा चाचपला, गालावरून हात फिरवला. मग पुढे धूसर दिसणाऱ्या गर्दीकडे डोळे बारीक करून पाहिलं.

"मंग आमी येवढी मानसं चाललोय कुटं?"

सोपानरावांनी दोन्ही हातांनी पोट घट्ट धरलं.

"माझे पाय मोकळे करायला," ते कसंबसं म्हणाले.